जुनं ते सोनं? : सिनेमागृहातले कर्णे दिवाणखान्यात

गेल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात शाळेच्या ऑडिटोरियममध्ये नाटक झालं, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. दुसऱ्या अंकात नायिका जवळजवळ कुजबुजत बोलते, असा एक प्रसंग होता. मी शेवटून तिसऱ्या रांगेत होतो. माझ्या पुढच्या रांगेत दोन लहान मुलं चिप्सची पिशवी फोडत होती, आणि तरीही ते वाक्य मला शब्दन् शब्द ऐकू आलं. मी सवयीने वर पाहिलं. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना करड्या रंगाची दोन भलीमोठी खोकी होती आणि प्रत्येकावर ॲल्युमिनियमचा एक एक कर्णा बसवलेला होता. मला हसू आलं, कारण त्यांचीच जुळी भावंडं माझ्या घरी बेसमेंटमध्ये आहेत आणि त्यांच्यावरून आमच्या घरात दोन वर्षं वाद चालू होता.

ही गोष्ट संपादकांच्या कानावर गेली आणि त्यांनी "यावर सविस्तर लिहाच" असा आग्रह धरला. म्हणून हा प्रपंच. माझी डॉक्टरेट यांत्रिक कंपनांच्या विषयातली, पण पोट गेली वीस वर्षं सॉफ्टवेअरवर चालतं. तेव्हा शिकलेलं थोडं गंजलेलं असलं तरी अगदीच विसरलेलं नाही. गाणं मात्र मी फक्त ऐकणारा. या दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जो निवाडा देणार आहे त्याचं वजन किती धरायचं, ते वाचकांना ठरवता येईल.

हौशी मंडळींचा एक पंथ जगभर आहे. पन्नास, साठ, काही वेळा नव्वद वर्षांपूर्वी सिनेमागृहांसाठी बनवलेले ड्रायव्हर आणि कर्णे शोधून काढायचे, ते साफसूफ करून घरच्या संगीतयंत्रणेत बसवायचे, आणि त्यानंतर बनलेलं सगळं फिकं आहे असं म्हणायचं, हा या पंथाचा आचारधर्म. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की 'आवाज जिवंत वाटतो, गायक समोर बसल्यासारखा वाटतो. आजच्या सुबक स्पीकरमध्ये तो प्राण नाही.' या म्हणण्यात खरं किती आणि जुन्याचं प्रेम किती, हे तपासणं हा या लेखाचा उद्देश आहे. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना जुन्याची ओढ जरा जास्तच असते, म्हणून तर तपासणी अधिकच गरजेची.

कर्णा काय करतो?

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं प्राथमिक. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारताना माणूस तोंडाशी हातांचा द्रोण करतो. तुतारीचं तोंड पुढे रुंद होत जातं. कारण दोन्हीकडे एकच. हवा फार हलकी असते. छोटासा पडदा तिला ढकलायला गेला, की बरीचशी मेहनत वाया जाते. हवा बाजूला सरकते आणि मोकळी होते. पडद्यासमोर चिंचोळ्या गळ्यापासून हळूहळू रुंदावत जाणारी नळी लावली, की गळ्याशी हवेला पुरेसा दाब मिळतो आणि तो दाब पायरीपायरीने बाहेरच्या हवेत उतरतो. गाडीला जसे गिअर, तसा आवाजाला कर्णा.

या कर्ण्याच्या मागे जो बसतो तो कंप्रेशन ड्रायव्हर. घुमटासारखा धातूचा पातळ पडदा, त्याला चिकटलेली तारेची कॉइल, भोवती जबरदस्त चुंबक आणि पडद्यासमोर 'फेज प्लग' नावाचा खाचांचा एक गोळा. पडद्याच्या मधल्या भागातून आणि कडेकडून निघालेला आवाज गळ्याशी एकाच वेळी पोचावा, एवढं या गोळ्याचं काम. ही मांडणी बेल लॅबोरेटरीजमधल्या वेंटे आणि थुरास या दोघांची. त्यांचा वेस्टर्न इलेक्ट्रिक ५५५ हा ड्रायव्हर १९२६ साली आला आणि बोलपटांच्या पहिल्या पिढीने त्याच्याच जोरावर प्रेक्षागृहं भरली. सर्वसाधारण स्पीकर दिलेल्या विजेपैकी जेमतेम एक टक्का आवाजात बदलतो. या जोडीची कार्यक्षमता पन्नास टक्क्यांच्या आसपास पोचत असे. हौस म्हणून कुणी हे केलेलं नव्हतं. त्या काळचे अँप्लिफायर मोजक्या वॉटांचे होते आणि प्रेक्षक हजार-दोन हजार. एक वॉटही वाया घालवणं परवडणारं नव्हतं.

यातली दुसरी मोठी पायरी हॉलिवूडमध्ये, एमजीएम स्टुडिओत चढली गेली. तिथल्या यंत्रणेत खर्जाचा कर्णा लांबलचक आणि वरच्या सुरांचा आखूड. एलिनॉर पॉवेल या नर्तिकेच्या टॅप डान्सचं दृश्य लावलं तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येऊ लागला. एकाच ठोक्याचे दोन भाग दोन कर्ण्यांतून वेगवेगळं अंतर कापून येत होते. आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो. कर्ण्यांच्या लांबीतला काही फुटांचा फरक कानाला पकडता येतो. डग्लस शिअरर आणि जॉन हिलिअर्ड यांच्या चमूने हे अंतर कमी करून नवी द्विमार्गी यंत्रणा बांधली आणि तिला १९३६ सालासाठीचं अकादमीचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. त्या कामात जेम्स लॅन्सिंग यांच्या कंपनीचा हात होता. ती कंपनी १९४१ साली आल्टेकने घेतली आणि 'आल्टेक लॅन्सिंग' हे नाव जन्माला आलं. चाळीसच्या दशकाच्या मध्यावर त्यांची 'व्हॉइस ऑफ द थिएटर' ही मालिका आली. माझ्याकडची आणि शाळेच्या ऑडिटोरियममधली खोकी त्याच कुळातली धाकटी पाती, ए-७. लॅन्सिंग स्वतः १९४६ साली बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या नावाची जी नवी कंपनी काढली, ती आज जेबीएल म्हणून आपण ओळखतो.

मग घरातून गेले का?

घरात कर्णे नव्हतेच असं नाही. पॉल क्लिप्श यांनी आर्कान्सामधल्या होप या गावी १९४६ पासून 'क्लिप्शहॉर्न' बनवायला घेतला. खर्जाच्या कर्ण्याची अडचण आकाराची असते. ५० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी सुमारे साडेबावीस फूट. कर्ण्याच्या तोंडाचा परीघ तेवढा हवा असं धरलं, तर त्याचा व्यास होतो सव्वासात फूट! क्लिप्श यांनी युक्ती अशी केली, की कर्णा घडी घालून खोक्यात बसवला आणि खोकं खोलीच्या कोपऱ्यात ठेवून दोन भिंती व जमीन यांनाच कर्ण्याचा पुढचा भाग बनवलं.

पण १९५४ साली केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी एआर-१ हा हवाबंद खोक्याचा स्पीकर बाजारात आणला. शेल्फवर मावणाऱ्या खोक्यातून खोल खर्ज यायला लागला. पुढे १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या आल्या आणि घरात एकाऐवजी दोन स्पीकर लागू लागले. दोन मोकळे कोपरे कुणाच्या दिवाणखान्यात असतात? क्लॉस यांचे पुढचे भागीदार अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम सांगितला जातो : खोल खर्ज, लहान खोकं आणि उच्च कार्यक्षमता, या तिन्हींतल्या कुठल्याही दोनच मिळतील. गृहस्थांनी पहिल्या दोन घेतल्या. तिसरीची उणीव ट्रान्झिस्टरने भरून काढली, कारण वॉट स्वस्त झाले. थोडक्यात, कर्णे आवाजाच्या परीक्षेत नापास झाले म्हणून घराबाहेर गेले नाहीत. ते मावेनात म्हणून गेले. हा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि इथवर पंथीयांचं म्हणणं मला मान्य आहे.

अमेरिकेने टाकलेला हा माल आधी जपानी आणि फ्रेंच हौशींनी उचलला. फ्रान्समध्ये ज्याँ हिरागा यांनी सत्तरच्या दशकापासून या विषयावर लिहून एक पिढी घडवली. दोन-तीन वॉटांच्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरांचं पुनरुज्जीवन झालं, तेही या कर्ण्यांच्याच खांद्यावर. एवढ्याशा शक्तीत दुसरं काही वाजतच नाही.

माझा सौदा

माझी जोडी पेनसिल्व्हेनियातल्या एका चर्चने जुनी यंत्रणा काढली तेव्हा एका व्यापाऱ्यामार्फत मिळाली. एकेक खोकं अडीच फूट रुंद, साडेतीन फूट उंच, दोन फूट खोल, आणि वर कर्णा. चार जणांनी मिळून ती बेसमेंटमध्ये उतरवली. त्यातल्या एकाची पाठ आठवडाभर धरली होती. ते सद्गृहस्थ आपल्याच मंडळाचे आहेत आणि अजून मला त्याची आठवण करून देतात. सौ.ने पायऱ्यांवर उभी राहून विचारलं, "यांचं तिकीट पण काढायचं का आपण?"

पहिल्या दिवशी मी जे ऐकलं ते निराशाजनक होतं. डाव्या बाजूचा आवाज मंद, उजव्या बाजूचा कर्कश. मापन-मायक्रोफोन लावला तेव्हा कारणं कळली. 'अगदी मूळ स्थितीत' म्हणून विकलेल्या ड्रायव्हरांपैकी एकाचा पडदा कधीतरी बदललेला होता आणि तो दुसऱ्याशी जुळत नव्हता. क्रॉसओव्हरमधल्या एका कपॅसिटरचं मूल्य वयोमानाने भलतीकडेच गेलं होतं. कर्ण्यावर बोटाने टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखा नाद येई. तो नाद गाण्यातही मिसळत होता. म्हणजे जुन्या ध्वनीची पारख करण्याआधी जुन्या आजारांचं निदान करावं लागलं. या पंथाचं लेखन वाचताना एक गोष्ट मला सतत खटकते, ती हीच. 'अमुक ड्रायव्हरचा आवाज असा' असं ठामपणे लिहिणाऱ्याने तो ड्रायव्हर मोजून पाहिलेला असतोच असं नाही. साठ वर्षांच्या दोन ड्रायव्हरांत साम्य असेलच याची खात्री काय?

मी पडदे जोडीने बदलले, कपॅसिटर काढून क्रॉसओव्हरचं काम संगणकीय प्रोसेसरकडे दिलं आणि कर्ण्यांना बाहेरून रबरी लेप दिला. टिचकीचा नाद 'टण्ण'चा 'ठप्प' झाला. मग खरं ऐकायला बसलो.

काय खरं निघालं

तबला. पहिल्या दहा मिनिटांत मला कळलं, की यांत नुसता भ्रम नाही. चाटीवरचा 'ना' हवेत उडी मारून येतो. ते का होतं, याचा हिशेब मांडता येतो. आजचा लहान स्पीकर एका वॉटला एक मीटरवर साधारण ८५ डेसिबल देतो असं धरू. ए-७ शंभरच्या आसपास देतो. फरक १५ डेसिबलचा, म्हणजे विजेच्या भाषेत सुमारे ३२ पट. तबल्याची थाप सरासरी पातळीच्या सहज १५-२० डेसिबल वर जाते. १०५ डेसिबलचा क्षणिक कळस गाठायला लहान स्पीकरला १०० वॉट लागतील. ए-७ ला तीन.

बरं, १०० वॉटचा अँप्लिफायर आज काही महाग नाही, मग बिघडलं कुठे? त्या शंभरांतले नव्याण्णवांहून अधिक वॉट कॉइल तापवतात. तांब्याची विद्युतरोधकता दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढते. कॉइल १०० अंशांनी तापली, तर आवाज जवळजवळ ३ डेसिबलने खाली बसतो. क्षणिक थापेत एवढी उष्णता साठत नाही हे खरं, पण द्रुत लयीत, जोरात, बराच वेळ ऐकलं, तर कळस हळूहळू बोथट होत जातो. शिवाय लहान पडद्याला तेवढ्याच आवाजासाठी पुढेमागे जास्त हलावं लागतं आणि हालचाल वाढली की विकृती वाढते. कर्ण्यामागचा पडदा जेमतेम थरथरतो. 'जिवंत' हा शब्द पंथीय वापरतात तो याच गोष्टीसाठी, आणि तो त्यांनी कमावलेला आहे.

दुसरा गुण गळ्याचा. साध्या दोन-मार्गी स्पीकरमध्ये आवाजाची वाटणी २००० ते ३००० हर्ट्झच्या आसपास होते. व्यंजनं आणि शब्दांची स्पष्टता नेमकी त्याच पट्ट्यात असते. ए-७ मध्ये वाटणी ५०० हर्ट्झला. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा मध्य षड्ज सुमारे २३३ हर्ट्झ, तार षड्ज ४६६. म्हणजे मूळ सूर बराचसा वूफरकडे राहतो हे कबूल, पण त्यावरचा सगळा रंग, 'आ'कार-'ई'कारातला भेद, शब्दांची टोकं, हे एकाच पडद्यातून सलग येतं. किशोरीताईंची भूपाची तबकडी लावली, तेव्हा मींडेच्या प्रवासात जोड कुठे जाणवला नाही.

काय खरं नाही निघालं

आता दुसरी बाजू, जी पंथाच्या लेखनात तळटीपेत जाते. तानपुरा घ्या. जवारी लागलेल्या तारेतून वरचे स्वर झिरपत राहतात, तेच तर तानपुऱ्याचं सौंदर्य. दहा हजार हर्ट्झच्या पुढे माझे ड्रायव्हर वेगाने थकतात. तानपुरा ऐकू येतो, पण त्यावरची ती चमक मंद होते. खाली ५०-६० हर्ट्झच्या आत ए-७ जवळजवळ गप्प. सिनेमाच्या संवादांसाठी बनवलेल्या यंत्राने पखवाजाच्या धुमाऱ्यासाठी माफी मागावी असं नाही, पण ती कमतरता आहे, आणि मला वेगळे सबवूफर आणावे लागले. बसलेलं असताना जे नीट वाटतं ते उभं राहिलं की बदलतं, कारण हा कर्णा वरचे सूर वरखाली अरुंद पट्ट्यात फेकतो. अँप्लिफायरची एरवी न कळणारी बारीक खरखर इथे शांत क्षणी कानाशी येते; कार्यक्षमता तिलाही मोठं करते. आणि मी मघाशी सांगितलेली टॅप डान्सची गोष्ट लक्षात न घेता अनेक घरांत कुठलाही कर्णा कुठल्याही खोक्यावर ठेवलेला मी पाहिला आहे. ए-७ च्या रचनाकारांनी वूफर खोक्यात मागे घेतला तो वरच्या ड्रायव्हरशी जुळावा म्हणून. १९३६ साली जे शिकून झालं, ते आज हौसेने विसरायचं, याला परंपरा म्हणायचं का?

जुन्या तबकड्यांबद्दल तर फसगत आणखी सूक्ष्म आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची १९३० च्या दशकातली ध्वनिमुद्रणं या कर्ण्यांवर विलक्षण लागतात. मी गहिवरलो होतो. मग लक्षात आलं, की त्या मुद्रणांत वरचे सूर मुळातच नाहीत, आहे ती सरसर. कर्णे वरचं कापतात म्हणजे सरसर कापतात, मधला पट्टा पुढे आणतात म्हणजे गळा पुढे आणतात. यंत्राचं वैगुण्य आणि मुद्रणाचं वैगुण्य एकमेकांना झाकतात. हा योग सुखद आहे, पण त्यावरून यंत्र 'खरं बोलतं' असा निष्कर्ष काढता येत नाही. तोच परिणाम साध्या टोन कंट्रोलने बराचसा साधतो; मी करून पाहिलं.

आणि चुंबक! ॲल्निको, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचं चुंबक, त्याला या पंथात देवत्व आहे. फेराइट आलं आणि संगीत गेलं, अशी त्यांची बखर सांगते. बदलाचं खरं कारण खाणीत आहे. १९७८ साली झाईरच्या शाबा प्रांतातल्या लढाईने कोबाल्टचा पुरवठा अडला, भाव कडाडले आणि कारखान्यांनी फेराइट घेतलं. चुंबकाच्या प्रकाराने कॉइलभोवतीच्या क्षेत्राच्या वागण्यात थोडा फरक पडतो, आणि चांगल्या रचनेत तो भरून काढता येतो. उलट जुनं ॲल्निको जोरात वाजवून किंवा आदळून अंशतः निर्बल झालेलं असू शकतं. माझ्या एका ड्रायव्हरची पातळी दुसऱ्यापेक्षा कमी भरली, ती पडदे बदलल्यावरही थोडी राहिलीच. देव असला तरी म्हातारा झालेला आहे.

पडद्याआडची परीक्षा

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली एक शोधनिबंध मांडला. तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा दिसतील असे आणि एकदा पडद्याआड. स्पीकर दिसू लागले की लोकांची मतं बदलली. आकार, नाव आणि किंमत कानांपेक्षा वरचढ ठरली. हे वाचून मी घरी प्रयोग केला. दिवाळीच्या फराळाला आलेल्या सहा जणांना अडकवलं. स्पर्धेत तीन यंत्रणा : माझे ए-७, एक चांगला आधुनिक लहान स्पीकर, आणि मित्राकडून आणलेला, आजच्या पद्धतीचा उथळ कर्णा असलेला स्टुडिओ मॉनिटर. सबवूफर तिघांना सारखेच. सर्वांची पातळी मायक्रोफोनने अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवली. ही अट फार महत्त्वाची. ती न पाळता बटण फिरवलं, तर १५ डेसिबलने मोठा वाजणारा कर्णा जिंकणारच. दुकानातल्या अनेक साक्षात्कारांचं मूळ एवढंच असतं.

पडदा नसताना सहापैकी पाच जणांनी ए-७ ला पसंती दिली. सहाव्याने, त्यांना पाहून भीती वाटते, असं प्रांजळ मत दिलं. पडदा लावल्यावर तीन मतं आधुनिक कर्ण्याला, दोन ए-७ ला, एक लहान स्पीकरला. सहा जण आणि तीन बशा चिवडा ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे. पण मला जे कळायचं ते कळलं : लोकांना कर्णा आवडतो, हे पडद्याआडही बऱ्यापैकी टिकलं, जुना कर्णा आवडतो, हे टिकलं नाही. मीही परीक्षेला बसलो होतो आणि दोनदा चुकलो. ज्याला मी माझा ए-७ समजून मनातल्या मनात दाद देत होतो, तो मित्राचा मॉनिटर होता.

आईचं मत

यानंतर मी विकून टाकायच्या विचारात होतो. तेवढ्यात आई सहा महिन्यांसाठी आली. आई ७४ वर्षांची, लहानपणी रीतसर गाणं शिकलेली. गेल्या चार-पाच वर्षांत तिचं ऐकणं उतरत गेलं. कानात यंत्र आहे, पण त्यातून गाणं म्हणजे "पत्र्यावर पाऊस" असं ती म्हणते. तिने गाणं ऐकणं जवळजवळ सोडलंच होतं, आणि ते आम्हाला कुणालाच धड कळलं नव्हतं. ती बोलली नव्हती आणि आम्ही विचारलं नव्हतं.

बेसमेंटमध्ये आल्यावर ती म्हणाली, "हे काय रे, रिक्षावरचा कर्णा घरात?" मी एक नाट्यगीत लावलं, हळू आवाजात. ती खुर्चीत बसली, कानातलं यंत्र काढून हातात धरलं आणि थोड्या वेळाने म्हणाली, "शब्द कळतायत." मग दुसरं गाणं, मग तिसरं. जेवणाची हाक दोनदा आली.

मी लेक असलो तरी प्रयोगाची खोड जात नाही. दुसऱ्या दिवशी पडदा लावून तिला तिन्ही यंत्रणा ऐकवल्या. लहान स्पीकरला ती म्हणाली, "कुठूनतरी चहूकडून येतंय." दोन्ही कर्ण्यांना म्हणाली, "हे समोरून येतं." त्या दोन्हींतला तिला आवडीचा कोणता, हे तिला ठरवता आलं नाही. कारण उघड आहे. साधा स्पीकर आवाज छताला, भिंतींना, सगळीकडे वाटतो; थेट येणारा आवाज आणि परतून येणारा आवाज एकमेकांत मिसळतात. तरुण कान त्यातून थेट आवाज निवडतात, उतारवयातले कान थकतात. कर्णा आवाज समोरच्या कोनात बांधून ठेवतो. हजारांच्या प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेला शब्द पोचावेत म्हणून ज्यांनी हे केलं, त्यांच्या हिशेबात बेसमेंटमधली एक म्हातारी नव्हती. पण तिची अडचण आणि शेवटच्या रांगेची अडचण एकच होती.

निवाडा

तेव्हा माझं मत असं. कर्ण्याचं तत्त्व खरं आहे आणि घराने ते आकारापायी सोडलं, यात आपलं काही नुकसान झालं. जुनेपणात स्वतंत्र गुण नाही. १९२६ ते १९४५ मधल्या लोकांनी त्यांच्यासमोरचा प्रश्न त्यांच्या काळच्या सर्वोत्तम साधनांनी सोडवला. त्यांचा मान राखायचा तर आपणही आपल्या काळची साधनं, मायक्रोफोन, प्रोसेसर, पडद्याआडची परीक्षा, वापरली पाहिजेत. नवीन कर्ण्याचा चांगला स्पीकर मिळत असेल तर तो घ्या; जागा, पैसा आणि पाठदुखी तिन्ही वाचतील. जुनी जोडी स्वस्तात मिळाली आणि मोजायची, दुरुस्त करायची तयारी असेल, तर तीही घ्या, पण विकणाऱ्याची कथा विकत घेऊ नका. खोली लहान असेल आणि आठ-दहा फुटांवर बसता येत नसेल, तर मोहात पडूच नका. जवळून कर्णा आणि वूफर दोन वेगळ्या जागांहून बोलतात.

मी माझे ए-७ विकले नाहीत. याला शास्त्रीय कारण नाही, हे पडद्याच्या परीक्षेनंतर मला मान्य करावं लागतं. आई परत पुण्याला गेली, आणि तिच्या तिथल्या खोलीसाठी मी कर्ण्याच्या बनावटीचे दोन लहान आधुनिक स्पीकर पाठवले आहेत. ती रोज सकाळी गाणं लावते, असं शेजारच्या काकू फोनवर सांगतात. त्यांच्या सुरात थोडी तक्रारही असते.

ज्यांना पडताळून पाहायचं असेल त्यांनी शनिवारी दुपारी अवश्य यावं. आपापली आवडती तबकडी आणावी. पडदा आणि चहा आमच्याकडे मिळेल.